घर बघायला रविवारी जाऊ नका

पुण्यातलं माझं पहिलं घर मी एका रविवारी दुपारी साडेतीनला पाहिलं. जून २०१९. थेरगावातली चार मजली इमारत, तिसरा मजला, टू बीएचके. ब्रोकरने दार उघडलं, पंखे लावून दाखवले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ सोडला. मनगटाएवढी धार.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं ते आमचंच शहर. त्याच्या आदल्या महिन्यात तर पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावलं होतं. मी तेव्हा बी.कॉम.ला होते आणि घागर रांगेत लावून शेजारी बसून परीक्षेचा अभ्यास केलेला आहे. त्यामुळे नळाला एवढी जाड धार दिसली की आमच्याकडच्या माणसाचं डोकं तिथंच बंद पडतं. भाडं विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

मग ब्रोकर म्हणाला, चला, ऑफिस किती जवळ आहे तेही दाखवतो. त्याच्या स्कूटरवर मागं बसून डांगे चौक, भूमकर चौक, शिवाजी चौक करत हिंजवडी फेज थ्री. पंचवीस मिनिटं लागली. येताना त्याने उसाचा रस पाजला. टोकनचे दोन हजार मी त्या रसवंतीवरच त्याच्या हातात ठेवले.

सोमवारी सकाळी त्याच रस्त्याला एक तास वीस मिनिटं लागली. भूमकर चौकात आमची रिक्षा एका पोह्यांच्या गाडीसमोर थांबली. गाडीवाल्याने एका गिऱ्हाइकाला प्लेट भरून दिली. त्याने पोहे खाल्ले, वर रस्सा मागून घेतला, चहा प्यायला, सुट्ट्यावरून थोडी हुज्जत घातली आणि निघून गेला. आम्ही तिथंच.

आणि गुरुवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं. खाली जाऊन विचारलं तर वॉचमनकाका म्हणाले, "शनिवारी रात्री टँकर पडला होता ना मॅडम, तेच पाणी चाललं इतके दिवस. आता संध्याकाळी बघू." म्हणजे रविवारी मला जी धार दाखवली ती टँकरची होती, आणि मी लातूरची असून फसले. हे मी घरी दोन वर्षं सांगितलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी मामेबहीण. तिला हिंजवडीतच नोकरी लागली. मामीचा फोन आला, "रविवारी येतो आम्ही. दोन-चार घरं बघू, एक फायनल करू, सोमवारी मामांना दुकान उघडायचंय." मी म्हणाले रविवारी नको, गुरुवारी या. मामीला वाटलं मला रविवारची झोप प्यारी आहे. अर्धा तास समजावलं, पण फोनवर काही धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून काढते.

गुरुवारच का, तर पुण्यात दुरुस्तीचा वार गुरुवार. पुणे महापालिकेचं पाणी जलवाहिनीच्या कामासाठी बंद राहणार असेल तर ते बहुतेक वेळा गुरुवारी राहतं. आमच्या औद्योगिक पट्ट्यात महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. कारण एमआयडीसीतल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या गुरुवारची. म्हणजे त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला तुम्ही घर बघायला गेलात तर लिफ्टला जनरेटर आहे की नाही, टाकीत राखीव पाणी किती, ऑफिसच्या वेळेला दारापासून हमरस्त्याला लागायला किती वेळ जातो, हे सगळं न विचारता कळतं. ब्रोकर गुरुवारी यायला कुरकुरतो. कुरकुरू द्या.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. आल्या आल्या घर घेऊच नका. पहिला महिना-दीड महिना कॉट बेसिसवर काढा. हा शब्द मला पुण्यात येईपर्यंत माहीत नव्हता. खोलीतली एक कॉट, एका कपाटाची किल्ली, बाथरूम सगळ्यांत मिळून, आणि दहा वाजता दाराला कडी. सदाशिव पेठ, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलंमुली वर्षानुवर्षं अशी राहतात. तुमचं ऑफिस हिंजवडीत असेल तर पेठेत राहून उपयोग नाही, त्या बाजूला पीजी भरपूर आहेत. जागा मनासारखी नसते, गादीला आधीच्या माणसाचा खळगा पडलेला असतो, शेजारची मुलगी पहाटे चार वाजता गजर लावून स्वतः उठत नाही. चालवून घ्या. अकरा महिन्यांची सही करण्यापेक्षा तीस दिवसांचा ताप परवडतो. ऑफिस नेमकं कोणत्या फेजला, शिफ्ट किती वाजता सुटते, कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते, हे पहिल्या महिन्यात कळतं, आणि घर त्या चौकापाशी शोधायचं असतं. मी आधी घर घेतलं, आणि तिथून बसचा थांबा दोन किलोमीटरवर निघाला.

आता पैशाचं. मी नोकरीला लागले तेव्हापासून पेरोलमध्ये आहे, दर महिन्याला शेकडो लोकांचे पगार काढते, त्यामुळे हा माझा प्रांत. नव्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो पहिल्या पगाराच्या तारखेचा. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या मध्याला कधीतरी पेरोलची माहिती गोठवतात. त्यानंतर जॉइन झालेल्याचे उरलेल्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्याच्या पगारात मिळून येतात. मी १७ जूनला जॉइन झाले. पहिला पैसा खात्यात पडला ३१ जुलैला. म्हणजे दीड महिना घरच्या पैशावर. आणि नेमके त्याच दीड महिन्यात सगळे मोठे खर्च. आमचं भाडं २१,००० होतं, आम्ही तिघी. डिपॉझिट ६०,०००, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. माझ्या वाट्याला भाडं, डिपॉझिट, दलाली धरून ३४,००० आले, शिवाय गादी, बादली, शेगडी, कुकर. मी घरून निघताना २५,००० घेऊन निघाले होते आणि स्वतःला श्रीमंत समजत होते. तेव्हा ऑफर लेटर आलं की एचआरला सरळ विचारा, माझा पहिला पगार नेमका कोणत्या तारखेला होईल. यात लाजायचं काही नाही. आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला की उलट बरं वाटतं, नाहीतर महिन्याच्या शेवटी रडवेले फोन येतात.

दुसरी पेरोलची गोष्ट: जुन्या करपद्धतीत राहून घरभाड्याची वजावट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. कितीतरी मालक हा नंबर म्हणताच विषय बदलतात. तो टोकन देण्याआधी मागा. जानेवारीत पुरावे जमा करताना मागाल तर मिळत नाही, हे मी दर जानेवारीला बघते. नव्या करपद्धतीत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

अॅग्रीमेंटवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथं माझे पैसे गेलेत.

आमच्या त्या पहिल्या घराचं अॅग्रीमेंट पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून झालं. मालक म्हणाले रजिस्टर करायचा खर्च उगाच कशाला, आम्हालाही ते पटलं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, आम्ही तिघी आपापल्या गावी गेलो, रिकाम्या घराचं भाडं भरत राहिलो. सप्टेंबरमध्ये सामान काढायला आलो. मालक आले, नाकावरून मास्क खाली घेतला, खिशातलं पेन काढलं आणि भिंतीभिंतीशी जाऊन खिळ्यांची भोकं मोजली. पेनाचं टोक प्रत्येक भोकाला लावून मोठ्यानं आकडा म्हणायचे. नऊ निघाली. त्यातली चार आमच्या आधीची, एक तर देवघराच्या फळीचं होतं आणि आमच्याकडे देवघर नव्हतंच. पण तसं सिद्ध करायला होतं काय? रंग, भोकं आणि 'डीप क्लीनिंग' मिळून ११,००० कापले. मैत्रीण भांडायला उठली, मी तिला खाली बसवलं. आज वाटतं भांडू द्यायला हवं होतं.

कारण कायदा आमच्या बाजूने होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपलं नेहमीचं भाड्याचं अॅग्रीमेंट, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला तुरुंगवास किंवा दंडाचीही तरतूद आहे. म्हणजे 'उगाच खर्च कशाला' हे वाक्य मालकाच्याच अंगाशी येणारं होतं. ते वाक्य कुणी म्हणालं की आता मी शांतपणे कलमाचा आकडा सांगते. आवाज आपोआप बदलतो.

आणि खर्च तरी किती? स्टँप ड्यूटी म्हणजे पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर, ०.२५ टक्के. माझ्या दुसऱ्या घराचं सांगते: भाडं १६,०००, अकरा महिने, डिपॉझिट ५०,०००. ड्यूटी साडेचारशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायतीत ५००. एजंटची फी वेगळी, ती घासाघीस करून कमी होते. कुठं जावंही लागत नाही. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, आधारवर सगळ्यांचे ठसे घेतले, फोटो काढले, चहा घेऊन गेला. घरमालकिणीचा अंगठा चार वेळा जुळला नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाल्या. शेवटी तर्जनीवर जमलं. (हे काम रविवारी करायला माझी हरकत नाही.)

त्यात दोन ओळी वाचल्याशिवाय अंगठा लावू नका: लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ते) किती महिन्यांचं, आणि नोटीस किती दिवसांची. आणि पहिल्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅप करून ठेवा. खिळ्यांच्या भोकांसकट.

"पुण्यात राहते" याचाही अर्थ नीट विचारून घ्यायला हवा. थेरगाव, वाकड, काळेवाडी ही पिंपरी-चिंचवड महापालिका, पाणी पवना धरणाचं. कोथरूड, औंध, बाणेर ही पुणे महापालिका, पाणी खडकवासल्याच्या साखळीतलं. मी आले तेव्हा हिंजवडी आणि माण तर ग्रामपंचायतीत होते: वर काचेचे टॉवर, खाली ग्रामपंचायतीचा फलक. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत एकदम २३ गावं आली, पण गाव हद्दीत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही. टँकरची वर्गणी मेंटेनन्समध्ये धरली आहे की वरून मागणार, हे लेखी घ्या.

आमच्याकडे तर नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडने दिवसाआड पाणी सुरू केलं. त्या वर्षी पाऊस असा झाला होता की पवना काठोकाठ, आणि तरी दिवसाआड. समान पाणीपुरवठ्यासाठी, असं कारण सांगितलं. वर्षं गेली तरी ते तसंच चालू राहिलं. माझ्या दोन्ही मैत्रिणी कोल्हापूरकडच्या, पंचगंगेच्या काठच्या. पाणी भरून ठेवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. एकीने पहिल्या दिवशी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि "झालं" म्हणाली. मी पिंपरीच्या बाजारातून दोनशे लिटरचा निळा ड्रम रिक्षातून आणला, भाजी धुतलेलं पाणी वेगळं, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, असं सगळं लातूरचं शास्त्र तिथं लावलं. शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या.

पाण्याची दुसरी बाजूही त्याच वर्षी बघितली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं गेली, भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. आमच्या टीममधला एक जण तिकडे तळमजल्यावर राहायचा. त्याने जागा उन्हाळ्यात घेतली होती, तेव्हा ओढा म्हणजे त्याला गटार वाटलं होतं. घर घेताना मागच्या बाजूला जाऊन उतार कुठं जातो ते बघा. नकाशात निळी रेघ असेल तर तळमजला नको.

मेट्रोबद्दल मामी सारखी विचारते. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत आता मेट्रोने जाता येतं, सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा भुयारी टप्पा सुरू झाला, आणि शनिवारी लक्ष्मी रोडला जायचं तर त्यासारखं सुख नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर ही निराळी मार्गिका. तिचे खांब उभे राहताना मी वर्षानुवर्षं बघत होते, आणि ब्रोकर त्या खांबांच्या जिवावर भाडं वाढवत होते. धावत नसलेल्या गाडीचं तिकीट आपण भाड्यातून देत नाही, असं मी एकाला म्हणाले. त्याने दुसऱ्याला ते घर दिलं.

एक गोष्ट मामेबहिणीला सांगायची की नाही, यावर मी बराच विचार केला. दुसरं घर शोधताना एके ठिकाणी सगळं जमलं होतं. मालकीणबाईंनी कोकम सरबत दिलं, "लातूर म्हणजे आपलीच की मुलगी" म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. सांगितलं. "म्हणजे कोण तुम्ही?" असं पुढं विचारलं. तेही सांगितलं. त्या छान हसल्या आणि संध्याकाळी ब्रोकरचा मेसेज आला की घर नातेवाइकांना द्यायचं ठरलंय. पुढे दोन महिने त्या घराची जाहिरात मला दिसत होती. सगळीकडे असं होत नाही, आत्ताच्या मालकिणीने मला फक्त एकच प्रश्न विचारला, पार्किंगला गाडी आहे का. पण होतं, आणि पहिल्यांदा होतं तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. म्हणून सांगून टाकलं.

भाषेचं तसं मजेचं आहे. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात कुणाला तरी "काय करायलीस गं?" म्हणाले आणि आख्खी रांग वळून बघायला लागली. वर्षभर मी "काय करते आहेस" असं तोंड वाकडं करून बोलत होते. आता सोडून दिलंय. उलट आमच्या टीममधले दोन पुणेकर "करायलाव" म्हणतात, तेही चुकीच्या जागी.

तर मामी आणि मामेबहीण शेवटी गुरुवारीच आल्या. मामांनी कुरकुरत दुकान बंद ठेवलं. सकाळी सव्वाआठला मी बहिणीला स्कूटरवर घेतलं, मामा-मामी मागून रिक्षात. पहिल्या घराला लिफ्ट बंद होती. दुसऱ्या घराच्या फाटकापासून हमरस्त्याला लागायलाच सोळा मिनिटं गेली, मी घड्याळ लावलं होतं. तिसऱ्या ठिकाणी ब्रोकर अजून पोचला नव्हता, म्हणून आम्ही वॉचमनच्या केबिनशी थांबलो. मी गाडी लावून तोंड उघडणार, तेवढ्यात वॉचमनकाका नंबरप्लेटकडं बघत उठले.

"एमएच चोवीस? लातूरचे का?"

"हो. काका, इथं टँकर..."

"सोमवार, गुरुवार. आत्ता दहाला येईल बघा. पर तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वर घेऊ नका, परेशर नसतंय." मग मामेबहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "ड्रम गावाकडून आणलाव का हितं घेणाराव?"